तिन्ही घड्याळं एकच सांगत होती

इंदापूरच्या शाळेत मी बरीच वर्षं पीटी शिकवलं. रिटायर झाल्यावर पोहण्याच्या स्पर्धांसाठी पंच तयार करायचं काम अंगावर घेतलं. कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं. आमच्याकडं पोहणाऱ्या पोरांची वानवा नाही. विहिरी आहेत, कॅनॉल आहे, उजनी धरणाचं पाणी आहे आणि आता बारामतीत चांगला तलावही आहे. पण स्पर्धा ठेवली की पंच पुण्याहून मागवावे लागायचे. ते उशिरा यायचे, जेवणाच्या सुट्टीनंतर घड्याळाकडं बघत बसायचे आणि शेवटच्या दोन शर्यती उरकून टाकायचे. आपल्या भागाचे पंच आपणच तयार करावेत, असं मी मनावर घेतलं.

दर रविवारी सकाळी बारामतीच्या तलावावर माझा वर्ग भरायचा. सुरुवातीला बारा-चौदा जण आले. टिकले थोडेच. त्यातल्या तिघांवर माझा फार जीव होता.

एक निमगाव केतकीची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी. तिशीतली, हुशार, स्कूटीवरून यायची आणि वहीत सगळं उतरवून घ्यायची. दुसरा बारामतीच्या एका कॉलेजातला क्लार्क, अक्षर मोत्यासारखं, स्वभाव मऊ. तिसरा पळसदेवचा. बापजाद्यांपासून मासेमारी, आता स्वतःचा मासळीचा व्यापार. चाळिशीचा गडी. त्याची लेक बारामतीत पोहायला शिकत होती, तिला सोडायला यायचा आणि बसल्या बसल्या वर्ग ऐकायचा. एक दिवस मीच म्हटलं, "या की आत." तर आला. त्याला नियमांच्या पुस्तकातलं निम्मं पाठ होत नव्हतं, पण पाण्यातलं त्याला जसं दिसायचं तसं मलाही दिसत नव्हतं. चार हात एकदम भिंतीला लागले तरी कुठला आधी, कुठला नंतर, हे तो डोळा न लववता सांगायचा. म्हणून त्याला मी नंबर टिपायला उभं करायचे आणि शिक्षिकेला नि क्लार्कला घड्याळावर, माझ्या शेजारी.

आमच्याकडं इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. एका लेनवर तीन माणसं तीन स्टॉपवॉच घेऊन उभी राहतात. तिघांच्या तीन वेळा नोंदतात आणि त्यांतली मधली धरतात. प्रत्येकानं आपला आकडा आपणच लिहायचा, दुसऱ्याला सांगायचा नाही, असा नियम आहे. तो मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायचे. पण स्पर्धा सुरू झाली, एकामागून एक शर्यती सुटायला लागल्या की कसलं काय. मी माझा आकडा मोठ्यानं सांगायचे, मग क्लार्क त्याचा सांगायचा, शेवटी शिक्षिका तिचा आकडा धरून तिन्ही कार्डावर लिहायची. काम भराभर व्हायचं. आणि आमचे आकडे असे जुळायचे की टेबलावरची माणसं कौतुक करायची. पुण्याचे एक जुने पंच एकदा म्हणाले, "बाई, तुमच्या पोरांचे अंगठे एकाच आईनं घडवलेत." ते वाक्य मी कितीतरी जणांना ऐकवलं असेल.

त्या दिवशी तालुक्यांची निवड स्पर्धा होती. मुलींची पन्नास मीटर ब्रेस्टस्ट्रोक. सहाच मुली, त्यामुळं एकच फेरी, आणि पहिल्या दोघी पुढच्या स्पर्धेला जाणार होत्या. चार नंबरच्या लेनवर मी नेहमीप्रमाणे शिक्षिका आणि क्लार्कबरोबर घड्याळ घेऊन उभी राहिले. त्या लेनमधली मुलगी इंदापूरची. तिचे वडील एसटीत कंडक्टर, रजा टाकून आले होते. पोरीला मी लहानपणापासून ओळखत होते.

शिट्टी झाली, मुली सुटल्या. पन्नास मीटर म्हणजे बघता बघता संपतं. मुलीनं दोन्ही हात भिंतीला लावले, मी अंगठा दाबला. तिच्या हाताचं पाणी उडून माझ्या चष्म्यावर आलं. मी चष्मा पुसला नाही. घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि नेहमीसारखं मोठ्यानं म्हटलं, "छत्तीस चौतीस." म्हणजे छत्तीस सेकंद आणि वर शंभरातले चौतीस.

क्लार्क म्हणाला, "छत्तीस एकोणतीस."

शिक्षिका म्हणाली, "माझं छत्तीस एक्केचाळीस," आणि लिहून मोकळी झाली.

कार्ड टेबलावर गेलं. मी मुलीकडं वाकून म्हटलं, "अगं, छत्तीस आलंय!" ती गॉगल कपाळावर घेऊन माझ्याकडं नुसती बघत राहिली. पलीकडून तिच्या वडिलांनी ऐकलं. त्यांनी लगेच फोन काढला आणि घरी सांगायला लागले.

पाच मिनिटांत टेबलावरून बोलावणं आलं. रेफरी म्हणाले, "बाई, घोळ आहे. तुमच्या पंचानं चार नंबरची लेन तिसरी लिहिलीय. वेळ मात्र दुसरीची निघते. दोन नंबरच्या लेनला सदतीस साठ आहे."

मी पळसदेवच्या माणसाला बोलावलं. "तुम्ही चारला तिसरी दिलीय?"

"व्हय बाई. तिसरीच आली. दोन नंबरची आधी लागली. चांगलं हातभर अंतर हुतं."

"तीन घड्याळं छत्तीस सांगतायत."

"घड्याळाचं मला ठाव न्हाय. म्या हात बघितलेत."

टेबलाभोवती आठ-दहा माणसं जमली होती. पालक होते, दुसऱ्या तालुक्याचे प्रशिक्षक होते. मला वाटलं, हा माणूस माझ्या वर्गाची लाज काढतोय. माझा आवाज चढला. "तीन माणसं खोटं बोलतायत का? एक चूक करेल, दोन करतील. तिघांचे आकडे एवढे जवळ येतील का? तुमची नजर हलली असेल. चूक झाली तर कबूल करायला शिका. तेही पंचाचंच काम आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. हातातली चिठ्ठी टेबलावर ठेवली, पेन तिच्यावर ठेवलं आणि मागं सरकून उभा राहिला.

रेफरी विचारात पडले. म्हणाले, "तीन घड्याळं म्हटल्यावर... घड्याळं दाखवा तरी एकदा."

शिक्षिका आणि क्लार्क तिथंच उभे होते. दोघांची घड्याळं शून्यावर होती. पुढच्या शर्यतीसाठी पुसून टाकलेली. माझं गळ्यातच होतं. मुलीशी बोलण्यात आणि टेबलाकडं येण्यात ते पुसायचं राहून गेलं होतं. मी चष्मा पदराला पुसला, घड्याळ रेफरींना दाखवायला वर धरलं आणि दाखवण्याआधी स्वतः वाचलं.

अडतीस चौतीस.

मी पुन्हा वाचलं. आकडा बदलला नाही. सहा आणि आठ यांत काचेवरच्या एका रेघेचा फरक. ती रेघ मघाशी चष्म्यावरच्या पाण्याच्या थेंबाखाली गेली होती. माझी चूक मला लगेच कळली. डोळ्यांची चूक होती, म्हातारपणाची होती, तिचं एवढं काही वाटलं नसतं. पण दुसऱ्याच क्षणाला आणखी एक गोष्ट कळली.

माझं चुकलं होतं. मग या दोघांचं छत्तीस कुठून आलं?

मी त्यांच्याकडं बघितलं. क्लार्क खाली बघत होता. शिक्षिकेचा चेहरा पांढरा पडला होता. कानात नुसती तलावाच्या पंपाची घरघर. रेफरींनी माझ्या हातातलं घड्याळ वळवून वाचलं आणि हळूच म्हणाले, "बाई, हे अडतीस आहे."

"हो," मी म्हटलं. "अडतीस आहे. नंबर पंचांचाच बरोबर आहे."

निकाल दुरुस्त झाला. चार नंबरची लेन तिसरी. माइकवर सांगायच्या आधी मी त्या मुलीकडं आणि तिच्या वडिलांकडं गेले. सांगितलं, माझी वाचण्यात चूक झाली. वडिलांच्या हातात फोन तसाच होता. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "बरं बाई. होतं असं." मग फोनकडं बघून म्हणाले, "आता हिच्या आईला परत सांगावं लागंल."

मुलगी टॉवेल गुंडाळून उभी होती. म्हणाली, "मला वाटलंच बाई. मी छत्तीस कसं मारीन? कधी सदतीससुद्धा आलं नाही." मग म्हणाली, "पण मग माझे आधीचे टायमिंग खरे होते ना?"

तिनं साधंच विचारलं होतं. "बघते," एवढंच म्हटलं.

उरलेल्या शर्यतींत मी घड्याळाला हात लावला नाही. स्पर्धा संपल्यावर त्या दोघांना पार्किंगच्या शेडखाली घेऊन गेले. पळसदेवचा माणूस तोपर्यंत लेकीला घेऊन निघून गेला होता.

मी विचारलं, "तुमच्या घड्याळात काय होतं?"

क्लार्क म्हणाला, "अडतीस आणि वरती काहीतरी. नक्की आठवत नाही बाई."

"मग छत्तीस का सांगितलंत?"

"तुमचं छत्तीस आलं ना."

त्यात उर्मटपणा नव्हता. मला ते एवढं साधं कसं कळत नाही, असा त्याचा सूर होता. मी शिक्षिकेकडं वळले. ती रडत होती, पण बोलली ती सरळ बोलली. "बाई, सुरुवातीच्या दिवसांत एकदा माझं घड्याळ तुमच्यापेक्षा अर्ध्या सेकंदानं लांब आलं. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्याकडनं तीसेक वेळा अंगठा दाबून घेतला. सगळे हसत होते. त्यानंतर मी तुमचा आकडा ऐकल्याशिवाय माझा सांगत नाही."

"मी तुला शिकवत होते."

"हो. मी शिकले ना."

क्लार्क मध्येच म्हणाला, "तुम्ही बोलत नाही बाई. पण आमचा आकडा लांब गेला की तुम्ही बघता. मग आपलंच चुकलं असेल असं वाटतं. थोडं इकडं-तिकडं करून सांगतो. अगदी तुमचाच आकडा नाही सांगत. तसा सांगितला तर ओळखू येतं."

थोडं इकडं-तिकडं. म्हणजे एकोणतीस आणि एक्केचाळीस. माझ्या चौतीसच्या दोन्ही बाजूंनी, नीट मापून. ही माणसं लबाड नव्हती. शाळेतल्या मुलांचे मार्क ती कधी फिरवणार नाही, कॉलेजच्या रजिस्टरमध्ये तो कधी खाडाखोड करणार नाही. ही लबाडी त्यांनी फक्त माझ्यापाशी शिकली होती आणि ती शिकवताना मी स्वतःवर खूश होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "पहिल्यापासूनच," शिक्षिका म्हणाली. मी म्हटलं, "आणि मी नसते तेव्हा?" ती म्हणाली, "तेव्हा जे मोठे असतील त्यांचं ऐकतो."

घरी आल्यावर मी कपाटातली फाईल काढली. सगळ्या स्पर्धांच्या कार्डांच्या प्रती मी त्यात लावून ठेवल्या होत्या. नव्या लोकांना शिकवताना हीच कार्डं मी दाखवायचे, की बघा, तीन माणसं आणि आकडे कसे जुळतात. आता तीच कार्डं जमिनीवर पसरून बसले. तीन-तीन आकडे. पहिला माझा, दुसरा जरा कमी, तिसरा जरा जास्त. पुढच्या कार्डावर तसंच. त्याच्या पुढच्यावर तसंच. कुठलीही तीन माणसं एवढा सारखा अंगठा दाबू शकत नाहीत, हे मला नाही तर कुणाला माहीत असायला हवं? जिवंत माणसांचे आकडे वेडेवाकडे पडतात. ते वेडेवाकडे पडावेत म्हणून तर तीन माणसं उभी करतात. मी तिघांच्या तोंडी एकच आकडा घातला होता, माझा.

त्या मुलीची कार्डं शोधली. सात सापडली. त्यातले खरे आकडे कुठले, खोटे कुठले, मला काहीच सांगता येईना. माझा आकडा बरोबर असला तर बरोबर. माझा अंगठा लवकर पडला असेल तर तिन्ही लवकर. मी जेवले नाही. माझा मुलगा काय झालं विचारायला आला. खोटं सांगितलं की पाय दुखतोय.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना मी सगळं लिहून दिलं. माझी चूक, त्या दोघांनी सांगितलेलं, आणि मागचे आकडे भरवशाचे नाहीत हेही. दोघांची नावं घातली नाहीत. मंडळींतले एक जण फोनवर म्हणाले, "बाई, कशाला वाढवताय? निकाल दुरुस्त झाला ना? मागचं उकरलं तर सगळ्यांनाच त्रास." मी म्हटलं, कागद फाईलला लावा. लावला की नाही, अजून माहीत नाही.

मग राहिला पळसदेवचा माणूस. पुढच्या रविवारी तो वर्गाला आला नाही. फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी वर्ग लवकर सोडून मी एसटीनं भिगवण गाठलं आणि तिथून रिक्षानं पळसदेवला गेले. उजनीचं पाणी खाली गेलं होतं, एरवी बुडालेल्या जुन्या देवळाचे दगड उघडे पडले होते. देवळाच्या मागं काठावर तो मासळी तोलत होता. मला बघून काटा खाली ठेवला, हात धुतले आणि घरात घेऊन गेला. त्याच्या बायकोनं चहा केला.

मी म्हटलं, "माफी मागायला आलेय. तुमचं बरोबर होतं आणि मी तुम्हाला सगळ्यांपुढं बोलले."

"ऱ्हाऊ द्या बाई. तुमी मोठ्या हायसा."

"मोठ्या आहे म्हणूनच हे सगळं झालं. मी सगळ्यांपुढं बोलले, सगळ्यांपुढंच माफी मागीन. तुम्ही वर्गाला या."

तो चहाचा कप हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "बाई, एक सांगू का? तुमी मला लई चांगला समजताय. मी तसा न्हाय."

"म्हणजे?"

"मागं एकदा आसंच झालं हुतं. पोरगी दुसरी आल्ती. म्या डोळ्यानं बघितलेली. तुमची घड्याळं म्हनली तिसरी. तुमी मला काय बोललासुदिक न्हाय. नुस्तं म्हनला, परत एकदा आठवून बघा. मी घाबारलो. आमच्या बापजाद्यात कुणी पंच न्हाय, म्हनलं आपलंच चुकलं आसंल. चिठ्ठीवरचं दोन खोडून तीन केलं." त्यानं कप खाली ठेवला. "ती पोरगी पुढं गेली न्हाय. म्हनून ह्या खेपंला म्या खोडलं न्हाय. मला पहिल्या खेपंनं झोप लागू दिली नव्हती."

मला तो प्रसंग आठवेना. कितीही ताण दिला तरी आठवेना. त्याच्या आयुष्यात एवढं मोठं झालेलं, आणि माझ्या लेखी एक वाक्य. परत एकदा आठवून बघा. असं मी किती जणांना म्हटलं असेल!

"कुठली मुलगी?" मी विचारलं.

"नाव न्हाय ठाव. लाल टोपी हुती. उंच हुती. ती नंतर दिसली न्हाय कधी तलावावर."

मी तिथं बराच वेळ बसले होते, असं तो नंतर सांगायचा. त्याच्या बायकोनं दुसऱ्यांदा चहा आणला आणि मी तो न पिताच उठले, तेही त्यानंच सांगितलं.

तो पुढच्या महिन्यात वर्गाला आला. मी सगळ्यांपुढं उभं राहून जे घडलं ते सांगितलं, माफी मागितली. तो मान खाली घालून बसला होता, आणि मला वाटतं माझ्यापेक्षा त्यालाच जास्त अवघड झालं. क्लार्कनं पंच म्हणून काम करणं सोडलं. मी दोनदा सांगून बघितलं. तो हसून म्हणाला, "माझा आता माझ्यावरच विश्वास नाही बाई." शिक्षिका मात्र टिकली.

आता वर्गात मी घड्याळ घेऊन शेजारी उभी राहत नाही. प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी दिलेली असते. शर्यत झाली की तोंड न उघडता लिहायचं, घडी घालायची आणि डब्यात टाकायची. घड्याळ मी सांगेपर्यंत पुसायचं नाही. चिठ्ठ्या आम्ही शेवटी तलावाशेजारच्या खोलीत बसून उघडतो. पहिल्या खेपेला उघडल्या तेव्हा आकडे असे विस्कटलेले निघाले की मला धक्काच बसला. अर्धा सेकंद, पाऊण सेकंद, एकाचा तर पुरा सेकंद. मनात आलं, इतकी वर्षं काय शिकवलं मी? आणि सवयीनं माझी नजर ज्याचा आकडा सगळ्यात लांब होता त्याच्याकडं गेलीच. शिक्षिका समोरच बसली होती. तिनं ते बघितलं. "बाई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही बघताय."

मी खिडकीकडं तोंड केलं आणि पुढची चिठ्ठी तिला वाचायला सांगितली.